तळहातावरची आमटी

रंभाजी आमच्याकडे कामाला लागला तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा मी केला, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. खुनाच्या खटल्यात आत जाऊन आलेला माणूस आपल्या स्वयंपाकघरात सुरी घेऊन कांदा चिरणार, हे ऐकून जिच्या काळजात धस्स होत नाही ती बाई एक तर देवमाणूस असते, नाहीतर हट्टी. माझी थोरली बहीण यशोधरा दुसऱ्या प्रकारातली आहे.

मिरजगावात तिला यशोधरा असं कुणी म्हणत नाही. हायवेला लागून तिची खानावळ आहे. ट्रकवाले, एसटीचे कंडक्टर, कॉलेजची पोरं, सगळे तिला अक्का म्हणतात. पत्र्याची शेड, पुढे बाकडी, मागे मोठं स्वयंपाकघर, आणि भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. एखादं नवं गिऱ्हाईक आत येतं, फोटोकडे बघतं, आणि मोबाईल कानाला लावून बोलत बोलत बाहेर जातं ते परत येत नाही. अक्काला हे बरोबर कळतं, पण ती काही बोलत नाही. मी बोलते, चांगली मोठ्यानं बोलते. गल्ल्यावर मी बसते, फोन मी घेते, लग्नाकार्याच्या ऑर्डरी मी ठरवते. चुलीपुढे अक्का. तिचा नवरा नितीन, म्हणजे आमचे दाजी, टेम्पो चालवतात आणि आम्हा बहिणींच्या भांडणात पडत नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण म्हणायचा.

रंभाजी आला तो भर दुपारी, गर्दी ओसरल्यावर. चाळिशीच्या आसपासचा, अंगानं थोराड, दाढी वाढलेली. पिठलं-भाकरी खाल्ली, स्वतःचं ताट उचलून मोरीवर नेलं, घासलं, पालथं घातलं आणि गल्ल्यापुढे येऊन हात मागे बांधून उभा राहिला. मला वाटलं, याच्याकडे पैसे नाहीत. पैसे त्यानं आधीच काढून ठेवले होते. मग एका दमात, पाठ केल्यासारखं, सगळं सांगून टाकलं. पाथर्डीकडचा आहे, ऊसतोडीला असताना हातून माणूस मेला, शिक्षा भोगून सुटलोय, आत असताना शेकडो माणसांचा स्वयंपाक केलाय, काम असलं तर द्या, नसलं तर तसं सांगा.

असं पहिल्याच झटक्यात का सांगतो, ते पुढे कळलं. सुटल्यावर सुरुवातीला तो गप्प राहून कामाला लागला होता. एका ढाब्याचा मालक त्याच्या हातावर खूश होता. मग कुणीतरी कानाला लागलं आणि त्याच दिवशी मालकानं सगळी भांडी तपासून त्याला रस्त्यावर काढला. पेट्रोल पंपावर पोलिसांचा दाखला मागितला. एका पोल्ट्रीवाल्यानं उद्या ये म्हणून सांगितलं आणि त्याचा उद्या काही उजाडलाच नाही. तेव्हापासून यानं ठरवलं, आपणच आधी सांगायचं, म्हणजे नंतर हाकलून घ्यायला नको.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सरळ विचारलं, "कुनाला मारलं?"

"जोडीदाराला. कानिफनाथ नाव हुतं त्याचं. एकाच टोळीत हुतो आमी."

"कशापायी?"

"ट्रॉली भरायच्या पाळीवरनं. मी पिलो हुतो. कोयता हातातच हुता."

दारूनं घात केला, नशीब फिरलं, असलं काही तो म्हणाला नाही. अक्काला ते आवडलं असावं, कारण तिनं त्याला आत नेऊन संध्याकाळच्या भाजीचा कांदा पुढ्यात टाकला. मी तिला मागच्या दारी ओढत नेलं आणि जे जे तोंडाला येईल ते बोलले. पोरीबाळी येतात इथं, डबे जातात गावभर, उद्या याचं डोकं फिरलं तर? अक्का शांतपणे ऐकत राहिली. तिच्या त्या शांतपणाचा मला लहानपणापासून संताप येतो. शेवटी एवढंच म्हणाली, "उपाशी ठिवला तर काय चांगला हुनार हाय का त्यो?"

रंभाजीला मात्र तिनं एक अट घातली, ती माझ्यासमोरच. "कुनी इचारलं तर खोटं बोलायचं न्हाई. आन न्हाई इचारलं तर सांगत सुटायचं न्हाई. लोकं जेवाया येत्यात, तुजी कहानी ऐकाया न्हाई."

काम तो चांगलं करायचा, यात वादच नव्हता. मोठ्या कढईचा अंदाज त्याच्या हातात होता. बोलायचा कमी. संध्याकाळचं काम आटपलं की सगळ्या सुऱ्या, विळ्या आणि नारळ फोडायचा कोयता धुऊन पुसून माझ्यापुढे गल्ल्यावर ओळीनं मांडायचा आणि हात मागे बांधून उभा राहायचा. आत म्हणे तशी पद्धत होती, पाती मोजून झाल्याशिवाय कुणी जेवायला बसायचं नाही. पहिल्या दिवशी ती पाती पुढ्यात आली तेव्हा मी खुर्चीसकट मागे सरकले. अक्कानं त्याला सांगितलं, इथं याची गरज नाही. तो बरं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडल्या. शेवटी मी मोजायला लागले. मी 'हं' म्हटल्याशिवाय हा बाबा ताटावर बसायचाच नाही, करणार काय?

असं सुरळीत चाललं असताना एक दिवस पाथर्डीकडच्या एका ट्रकवाल्यानं त्याला ओळखलं. जेवण पूर्ण केलं, वर ताकही प्यायला, आणि जाताना चार लोकांना सांगून गेला. चार दिवसांत मिरजगावभर झालं.

आबासाहेबांची कांद्याची वखार आहे. त्यांच्या हमालांचे डबे आमच्याकडून जायचे, आणि खानावळ खरी चालायची ती त्या डब्यांवर. आबासाहेब तसे वाईट नाहीत. घरी येऊन, चहा घेऊन, समजुतीच्या सुरात बोलले. तुमचं मन मोठं आहे यशोधराबाई, पण माझी माणसं म्हणतात की खुन्याच्या हातचं गळ्याखाली उतरत नाही. त्याला काढा, डबे चालू ठेवा, नाहीतर माझा नाइलाज आहे. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, हे मी तेव्हाही लपवलं नाही.

अक्कानं त्यांची रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली. लग्न होऊन आली तेव्हा ती एका शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. पहिल्या आठवड्यात काही घरची पोरं घरून डबा आणायला लागली. कुणी काही बोललं नाही, कुणी भांडलं नाही. डबे फक्त वाढत गेले आणि तिची खिचडी पातेल्यात उरत गेली. मग एक दिवस गुरुजींनी, तेही समजुतीच्याच सुरात, तिला सांगितलं की उद्यापासून दुसरी बाई येईल. ही गोष्ट ती कधी काढत नाही. त्या दिवशीही काढली नाही. पण मला कळलं ती कुठं जाऊन पोचली ते. "आबासाहेब," ती म्हणाली, "माज्या हातचं नको म्हननारी लोकं मी लई बघितल्यात. त्यांनी सांगितलं म्हनून मी कुनाला नको म्हनू?"

डबे बंद झाले. संध्याकाळी बाकडी रिकामी दिसायला लागली. रंभाजी दोनदा जातो म्हणाला आणि अक्कानं दोनदा त्याला कणीक मळायला बसवलं. मी मात्र तिला रोज ऐकवत होते की असंच चाललं तर आपण सगळेच एका टोळीत ऊसतोडीला जाऊ. अशा वेळी कर्जतच्या बाजूनं एका वस्तीवरून फोन आला. आप्पासाहेब नावाच्या गृहस्थानं नवं घर बांधलं होतं, वास्तुशांतीला आख्ख्या शिवाराला जेवण होतं. कुठल्याशा लग्नात त्यांनी आमची आमटी खाल्ली होती, तीच पाहिजे म्हणाले. हे कार्य नीट पार पडलं तर कर्जतकडची बाकीची कामं मिळणार होती, नाही पडलं तर खानावळीला कुलूप, इतकं ते आम्हा सगळ्यांना स्वच्छ कळत होतं.

आता आमच्या आमटीची एक पद्धत सांगायला हवी. अक्कानं ती स्वतः पाडली आहे. कार्य कुणाच्याही घरी असो, आमटी तयार झाली की त्या घरातलं सगळ्यात थोरलं माणूस चुलवणापाशी बोलवायचं. ज्यानं आमटी केली त्यानं वगराळ्यातून थोडी त्या थोरल्याच्या तळहातावर घालायची. त्यानं चाटून 'उतरवा' म्हटलं की मगच कढई खाली घ्यायची आणि पंगत वाढायची. तोवर कढई आगीवरच. लोकांना वाटतं हा मान देण्याचा प्रकार आहे, आणि तो आहेच. पण त्यात अक्काचं डोकंही आहे. आम्ही बौद्ध, आणि जेवणारी बहुतेक शेतकरी घरं. घरच्या थोरल्यानं सगळ्यांदेखत आमच्या हातचं चाटलं की मग पंगतीत कुणाला नाक मुरडायला तोंड उरत नाही. शाळेतल्या त्या खिचडीनंतर तिनं शोधलेली ही युक्ती आहे, आणि आजवर ती कधी फसली नव्हती.

वस्तीवर पोचलो. शेतात नवं स्लॅबचं घर, पुढे मांडव, आत पूजा चाललेली. मांडवाच्या मागे दाजींनी चुलवण खणलं, रंभाजीनं कढई चढवली. डाळी शिजल्या, भाजलेल्या कांदाखोबऱ्याचं वाटण पडलं, काळा मसाला पडला आणि वास मांडवभर गेला. दोघंतिघं येऊन डोकावून गेले. कुणी रंभाजीला ओळखलं नाही. डोक्याला उपरणं, तोंडावर दाढी आणि धूर. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत होते, कारण दुपार कलत आली होती आणि मांडवात पानं मांडून झाली होती.

अक्कानं निरोप धाडला, घरातलं थोरलं माणूस पाठवा. आप्पासाहेब स्वतः आले. त्यांचे आईवडील कधीच गेलेले. मागून त्यांची बायको ज्ञानेश्वरी एका म्हातारीला धरून आणत होती. म्हातारीच्या डोळ्यांना कमी दिसत असावं, पाय चाचपून टाकत होती. आप्पासाहेब मोठ्या कौतुकानं म्हणाले की आमच्या घरातलं थोरलं माणूस म्हणजे या आमच्या सासूबाई, भागिरथीबाई. पाथर्डीकडच्या. मुलगा गेला तेव्हापासून आमच्यापाशीच असतात.

पाथर्डी आणि मुलगा गेला, हे दोन शब्द माझ्या डोक्यात जुळायच्या आधी मला रंभाजीचा हात दिसला. वगराळं कढईतून वर आलं होतं आणि तिथंच थांबलं होतं.

म्हातारीनं तळहात पुढे केला. "घाल की रं बाबा," ती म्हणाली.

अक्कानं एकदा रंभाजीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिलाही कळलं. खरं सांगते, त्या वेळी मी मनातून त्याला विनवत होते की बाबा, घाल आणि गप्प राहा. म्हातारीला दिसत नाही. तिनं काही विचारलेलं नाही. विचारलं नाही तर सांगायचं नाही, अशी अटच आहे तुझी. ती चाटेल, उतरवा म्हणेल, पंगत बसेल, आणि आपण टेम्पोत भांडी घालून घरी जाऊ. कुणाचं काहीच बिघडणार नव्हतं.

रंभाजीनं वगराळं कढईत परत रिकामं केलं. "मावशी," तो म्हणाला, "तुमी माज्या हातचं खाऊ नका. मी रंभाजी हाय."

म्हातारीचा हात तसाच पुढे राहिला. ज्ञानेश्वरीनं आईचा दंड सोडला आणि तोंडावर पदर घेतला. भावाचा, कानिफनाथाचा खून झाला तेव्हा ती शाळेतली पोर होती. आता तिनं त्या दाढीतून माणूस ओळखला असावा, कारण तिच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून मांडवातली माणसं उठून आली.

आप्पासाहेब रंभाजीवर गेले नाहीत, ते अक्कावर आले. "बाई, तुमाला ठाऊक हुतं?"

"त्यो जेलात जाऊन आलाय ते ठाऊक हुतं. मेला त्यो ह्या घरचा मानूस हुता, ते न्हाई."

"आन तरी आमच्या दारात आनलात त्याला."

"व्हय," अक्का म्हणाली.

एवढं एकच उत्तर. नाही, चुकलं, माफी असावी, यातलं काहीच नाही. मला वाटलं तिच्या तोंडावर हात ठेवावा. आमच्याभोवती माणसांचं कडं झालं होतं. एकानं चुलवणाजवळचं लाकूड उचललं. दाजी टेम्पोकडून धावत आले आणि रंभाजीच्या अलीकडे उभे राहिले. रंभाजी हात मागे बांधून, मान खाली घालून उभा होता, कुणी मारलं तर हात वर करणार नाही अशा तऱ्हेनं. आणि कढई आगीवर होती. उतरवा म्हणणारं माणूस उतरवा म्हणत नव्हतं. मी लाकडं मागे ओढली, पण खाली निखाऱ्यांचा ढीग होता. आमटी बुडाला धरायला लागल्याचा वास मला आला. मी झारा घेऊन ढवळायला लागले. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि हात थांबले असते तर मी रडले असते.

आप्पासाहेब मांडवाकडे एकदा बघून आले. आख्खं शिवार पानावर बसलेलं. ते खालच्या आवाजात अक्काला म्हणाले की हे बघा, लोकांसमोर शोभा नको. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणा, याला आत्ता कामावरून काढला. याला चालता करा. मग आमच्यातलं दुसरं कुणीतरी चव घेईल, कढई उतरवू, पंगत होऊन जाईल. पुढच्या कामांचंही मी बघतो. माणूस संतापलेला होता आणि तरीही त्यानं वाट काढून दिली होती. याहून जास्त कुणी काय करावं? मी झारा थांबवून अक्काकडे पाहिलं. एक वाक्य म्हणायचं होतं. नंतर घरी गेल्यावर परत ठेवून घेता आला असता की त्याला.

"त्याला मी टेम्पोत नेऊन बसवते," अक्का म्हणाली. "पानी मागितलं तरी तुमच्या नजरंपुढं येऊ देनार न्हाई. पन काढला म्हननार न्हाई."

लाकूड घेतलेला माणूस पुढे सरकला. तेवढ्यात म्हातारी बोलली. आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले.

"गप ऱ्हावा सगळी." तिनं पुढे केलेला हात अजून मागे घेतला नव्हता. आवाजाच्या अंदाजानं ती रंभाजीकडे वळली. "रंभ्या. माज्या चुलीवर जेवून मोटा झालास तू. येक इचारते. त्यानं पानी मागितलं हुतं का?"

ज्ञानेश्वरीनं मला हे नंतर सांगितलं. त्या वर्षी भागिरथीबाई टोळीबरोबर गेल्या नव्हत्या, गावी राहिल्या होत्या. पोराचं प्रेतच त्यांनी बघितलं. तेव्हापासून टोळीतल्या प्रत्येकाला, पोलिसांना, वकिलाला, भेटेल त्याला त्यांनी हा एकच प्रश्न विचारला होता. आणि प्रत्येकानं त्यांना सांगितलं होतं की मावशी, तो जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. लोक चांगुलपणानं सांगतात तसं. म्हातारीचा त्यावर कधी विश्वास बसला नाही.

रंभाजीलाही तेच सांगता आलं असतं. तिथं उभ्या असलेल्या एकानंही त्याला दोष दिला नसता. त्यानं अक्काकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. मान वर केली आणि म्हणाला, "मागितलं हुतं."

"मग?"

"मी दिलं न्हाई. पळालो."

कढईतला बुडबुडा फुटलेला ऐकू येत होता. मला वाटलं आता संपलं, आता हे लोक याला जिवंत सोडत नाहीत, आणि आम्हालाही नाही. आप्पासाहेबांच्या कपाळावरची शीर दिसत होती. दाजींनी मला खुणेनं टेम्पोत जायला सांगितलं. मी गेले नाही.

पुढे केलेला हात म्हातारीनं एकदा मिटला, पुन्हा उघडला. मग म्हणाली, "पानी आन."

रंभाजीला कळेना. अक्कानं पिंपातून तांब्या भरून त्याच्या हातात दिला. म्हातारीनं तोच तळहात, आमटीसाठी पुढे केलेला, जरा खोलगट केला. "घाल," ती म्हणाली. रंभाजीनं पाणी घातलं. अर्धं तिच्या मनगटावरून खाली गेलं. म्हातारी ते प्यायली नाही. वैऱ्याच्या हातचं पाणी आमच्याकडे कुणी पीत नाही, ते ती कशी पिणार? ती बाजूला वळली, चुलवणाच्या पलीकडे नांगरलेलं रान होतं तिकडे, आणि बोटं सैल करून ते पाणी तिनं मातीवर सोडलं.

"कानिफा, घे रं," ती म्हणाली.

पुन्हा तळहात पुढे केला. त्यानं पुन्हा घातलं, तिनं पुन्हा सोडलं. तांब्या रिकामा होईपर्यंत हे चाललं होतं. लाकूड उचललेल्या माणसानं ते कधी खाली टाकलं ते मी पाहिलं नाही. ज्ञानेश्वरी भिंतीला टेकून रडत होती. मीही रडत होते आणि ढवळत होते.

तांब्या संपला तेव्हा म्हातारीनं हात पदराला पुसला. "आमटी उतरवा," ती म्हणाली. "लोकं ताटकळल्यात. मी खायाची न्हाई."

मग अक्काचा अंदाज घेत तिनं मान फिरवली. "बाई, ह्याला काढू नको. तू काढलास तर ह्यो कुटं जाईल, मला ठाव ऱ्हानार न्हाई."

आम्ही कढई उतरवली. पंगत बसली. काही माणसं उठून गेली, बाकीची गुमान जेवली. आमटीला करपल्याचा वास होता, पण कुणी तक्रार केली नाही. रंभाजी टेम्पोत भांड्यांच्या जागेत बसून होता. येताना मिरजगाव आलं तेव्हा रंभाजी मागून म्हणाला, अक्का, मला इथंच उतरवा, मी जातो. अक्का पुढे बघतच म्हणाली, "कुटं जातो? म्हातारी काय म्हनली, आयकलं न्हाईस का?" तो उतरला नाही. खानावळीत येऊन त्यानं सुऱ्या धुतल्या आणि माझ्यापुढे मांडल्या.

कर्जतकडची कामं आली नाहीत, आणि आबासाहेबांचे डबेही परत आले नाहीत. आता अक्कानं नवी पद्धत पाडली आहे, तिचा त्रास मला. ऑर्डर घेतानाच मी फोनवर सांगायचं की आमचा आचारी शिक्षा भोगून आलेला आहे, चालेल का? बरेच जण कळवतो म्हणतात. थोडे जण चालेल म्हणतात, आणि त्या थोड्यांवर आमचं भागतं. मला हे पसंत नाही, मी रोज कुरकुर करते, आणि फोनवर तेच वाक्य बोलते.

एक फोन मात्र वेगळा असतो. दर काही दिवसांनी आप्पासाहेबांचा येतो. नमस्कार नाही, कसं काय नाही. सासूबाई विचारतात, तो आहे का तिथं? मी म्हणते, आहे. बरं, म्हणून ते ठेवून देतात. फोन आल्याचं मी रंभाजीला सांगते. तो मान हलवतो आणि हातातलं काम करत राहतो.

परवा संध्याकाळी तो नंबर वाजला तेव्हा पलीकडे आप्पासाहेब नव्हते. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हातारीचा आवाज. "हाय का त्यो?"

"हाय, मावशी."

मला वाटलं, ठेवला फोन. "जेवला का?"

मी समोर बघितलं. गल्ल्यावर सुऱ्या ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि पलीकडे तो हात मागे बांधून उभा होता.

"न्हाई अजून," मी म्हटलं.

"मग बसीव त्याला," म्हातारी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी सुऱ्या मोजायला घेतल्या. मोजणी दोनदा चुकली. माझ्या 'हं'ची वाट बघत तो तसाच उभा राहिला.